टोपीवालीची तीट

एकदाणी धाकट्या जावेच्या, कोकिळेच्या गळ्यात पडली, ती सुलभाच्याच हातानं.

मनकर्णाबाईंनी कपाटातून लाल फडक्याची पुरचुंडी काढली, दातानं गाठ सोडली, आणि सोन्याच्या मण्यांची ती माळ धाकटीच्या नव्हे, थोरल्या सुनेच्या तळहातावर ठेवली. सुलभाचा हात जागच्या जागी थांबला. मग सासूबाई म्हणाल्या, "घाल तिच्या गळ्यात. मले मागचा फासा दिसत नाई आताशा."

दिसत नाही कसा, सुलभाच्या मनात आलं. कालच तर तुरीच्या डाळीतला बारीक खडा यांनी खिडकीपासून लांब बसून वेचला होता. जावेच्या मागं उभं राहून तिनं फासा अडकवला. कोकिळेच्या मानेला तेलाचा आणि दुधाचा वास येत होता, पाच महिन्यांच्या बाळंतिणीला येतो तसा. या घरात आल्यापासून चौदा वर्षांत सुलभानं ही माळ तीनदा पाहिली होती, आणि तिन्ही वेळा मनातल्या मनात आपल्या गळ्यात घालून आरशापुढं उभी राहिली होती. आज ती माळ गळ्यात कशी दिसते ते तिला कळलं. चांगली दिसत होती. हेच वाईट होतं.

हे सगळं चाललं होतं त्या टोपीवालीपायी.

घरच्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाईक ज्या खुर्चीत बसे, तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर टोपीवालीचा फोटो होता. हॉलंड देशातली कुणी बाई. सासरे नीळकंठराव तरुण असताना त्यांनी आपला पहिला कॅमेरा खामगावच्या कापूसबाजारातून मायदेशी परत निघालेल्या एका हॉलंडच्या व्यापाऱ्याकडून घेतला होता. त्याच्या पेटीच्या तळाशी, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली ही निघाली. पुठ्ठ्यामागं सोनेरी अक्षरांत गावाचं नाव, मिडेलबर्ग, आणि शाईनं लिहिलेला सन, १८८१. डोक्यावर पांढऱ्या जाळीची, दोन्हीकडं पंखांसारखी पसरलेली टोपी. कानशिलांवर सोन्याच्या तारेची वेटोळी. गळ्यात चार पदरी माळ, तिला पुढच्या बाजूनं सोन्याचा फासा. कोपरापर्यंत उघडे, कामाचे दणकट हात मांडीवर ठेवलेले. माळेचे मणी तिकडच्याच कुणीतरी ब्रशानं लाल रंगवले होते, म्हणून घरातल्या बायकांनी ते केव्हाच ओळखले होते. पोवळी.

त्या काळी तिकडं खेड्यापाड्यांतल्या बायांना त्यांच्या त्यांच्या पेहरावात बसवून असे फोटो काढत, आणि शहरातली माणसं ते विकत घेऊन वह्यांत लावून ठेवत, असं सुलभाच्या नवऱ्यानं, चिंतामणनं, कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. नीळकंठरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना शिकवायला गुरू नव्हता, ही एक बाई होती. उजेड डावीकडून घ्यायचा, हनुवटी कुठवर उचलायची, हातांचं काय करायचं, सगळं त्यांनी तिच्याकडं पाहून उचललं. चाळीस वर्षांत बुलढाण्यातल्या किती लग्नाळू मुली, मास्तरणी आणि वकिलांच्या बायका नकळत त्या टोपीवालीसारख्या बसून गेल्या.

आणि तिच्या गालावर तीट होती. मूळ पुठ्ठा पिवळा पडायला लागला तेव्हा नीळकंठरावांनी निगेटिव्हच्या काचेवर त्याची नक्कल उतरवली. मनकर्णाबाई तेव्हा नव्या नवरी. परमुलखातल्या बाईला आपल्या घरात कुणाची दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी त्या काचेवर गालाच्या जागी सुई टोचली. काचेवर सुईनं जिथं थर खरवडला जातो तिथं कागदावर काळं उमटतं. तसा टोपीवालीच्या डाव्या गालावर काळा ठिपका उमटला, आणि नीळकंठरावांना ते इतकं भावलं की पुढं तीट लावल्याशिवाय बाईमाणसाचा फोटो या स्टुडिओबाहेर गेला नाही. ही गोष्ट घरात प्रत्येक सुनेला सांगितली जायची. सुलतानपूर, साखरखेर्ड्यापर्यंत मुलीचा फोटो पाहणारे लोक गालावरचा ठिपका पाहून सांगत, हा नीळकंठरावांकडचा.

सासरे गेल्यापासून ती सुई सुलभाच्या हातात होती. फोटोवरचं सगळं बारीक काम तिचंच. उत्तरेच्या खिडकीत उतरतं मेज, त्यावर काच लावायची, खालून उजेड घ्यायचा, आणि टोकदार पेन्सिलीनं देवीचे वण, डोळ्यांखालची काळजी, सगळं पुसून टाकायचं. शेवटी सुई.

महाराष्ट्र होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. जिल्ह्याचं मोठं प्रदर्शन बुलढाण्यात भरणार होतं. बी-बियाणं, नांगर, शाळकरी मुलींचं भरतकाम, आणि एक दालन फोटोंचं. चिंतामणच्या मनानं घेतलं की टोपीवालीशेजारी आपल्याकडची बाई लावायची. तशीच बसलेली, तशाच उजेडात, आपल्या मुलखाच्या पेहरावात. बापूंच्याच, म्हणजे नीळकंठरावांच्याच, जुन्या कॅमेऱ्यावर, काचेवर. अकोल्याहून आणलेल्या डझनातली एकच काच उरली होती, आणि आता सगळं काम फिल्मच्या रोळावर चालत असल्यानं नवीन काच मिळायची नव्हती. म्हणजे एक बाई, एक काच.

सुलभानं आठ दिवस वाट पाहिली. मग तिनंच विचारलं, कोण बसणार म्हणून. त्यानं कोकिळेचं नाव घेतलं, आणि बायकोच्या चेहऱ्याकडं पाहून, काहीतरी बिनसलं एवढं त्याच्या ध्यानात आलं.

"तू नऊवारी नेसलीस ना, की तू नेसलीस हे दिसतं," तो म्हणाला. "ती नुसती नेसलेली असते."

सुलभानं या वाक्यात टोमणा शोधला. तो तिथं नव्हता. कामाचं बोलणं होतं, भिंतीला चुना कमी लागला म्हणावं तसं. कोर्टातल्या कारकुनाची ती मुलगी, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, गोल पातळ नेसणारी, 'मले'च्या जागी 'मला' म्हणणारी. या गोष्टींचा तिला या घरात कधी तोटा झाला नव्हता. आज झाला.

आणखी एक गोष्ट होती, ती तिनं नवऱ्याला सांगितली नाही. चौदा वर्षं गिऱ्हाईक येण्याआधी तो तिला हाक मारायचा, "बस जरा." ती खुर्चीत बसायची. तो काळ्या फडक्यात शिरायचा, उजेड लावायचा, तिची हनुवटी वर, तिची हनुवटी खाली. सगळं जमलं की म्हणायचा, "ऊठ," आणि तिच्या जागी गिऱ्हाईक बसायचं. त्या खुर्चीत तिच्याइतकं कुणीच बसलं नव्हतं. आणि तिचा म्हणून एकच फोटो होता, लग्नातला, ज्यात ती जमिनीकडं पाहते आहे.

*

खुर्ची कोकिळेला थंड लागली. साखरखेर्ड्याला तिच्या बापाच्या घरी खुर्ची होती, पण तीवर पाहुणे बसत. इथं तिला बसवलं होतं आणि घरातली तीन माणसं नुसती तिच्याकडं पाहत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तिला ते हवं होतं असं सगळे धरून चालले होते. सकाळी न्हाऊ घालताना सासूबाई म्हणाल्या, "नशीब काढलं पोरी." तिनं 'हाव' म्हणून मान हलवली. पण तिला खुर्ची नको होती. तिला हवी होती ती जागा, जिथं मोठ्या बाई, तिची थोरली जाऊ, उभ्या होत्या. डाव्या खिडकीचा उजेड चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला परतवायला दोन्ही हातांत पांढरी चादर ताणून धरायची, तिथं. तिथून मोठ्या बाई म्हणत, "थोडं?" काळ्या फडक्यातून आवाज येई, "हं." "आता?" "नको, मागं." एवढंच. तिचा नवरा निवृत्ती मेहकरच्या कचेरीत, शनिवारच्या गाडीनं यायचा, सोमवारच्या पहिल्या गाडीनं जायचा. दोन वर्षांत तिचं आणि त्याचं जेवढं बोलणं झालं नसेल तेवढं हे दोघं एका सकाळी अर्ध्या शब्दांत बोलून घेत. बापाबरोबर बाजारात बसून कापूस तोलून घेणारी ती पोरगी. इथं तिला फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीचा उंबरा ओलांडू देत नसत. उजेड शिरेल म्हणत.

आणि बबन. तिचा बबन तिच्याच कुशीत दूध पिऊन मोठ्या बाईंच्या खांद्यावर झोपायचा. दुसरीकडं कुठं झोपायचाच नाही.

"तिला म्हणावं कॅमेऱ्याच्या काचेकडं पाह्य," फडक्यातून चिंतामण म्हणाला. बोलला तो बायकोशी. धाकट्या भावाच्या बायकोशी तो थेट बोलत नसे.

कोकिळेनं डोळे उचलले आणि खाली घातले. पुन्हा उचलले. काचेमागं भासरा उभा होता. थोरल्या दिरासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्या तोंडाकडं पाहायचं नाही, हे तिला आईनं बोलायच्याही आधी शिकवलं होतं. फडकं असलं म्हणून काय झालं, फडक्याच्या आत तेच होते. तिसऱ्यांदा तिचे डोळे खाली गेले तेव्हा चिंतामण बाहेर आला आणि घाम पुसू लागला. ढग येऊन राह्यलेत, तो म्हणाला, उजेड घटकाभर राहील.

सुलभा म्हणाली, "लग्नाच्या मुली पाहतात की परक्या माणसाकडं."

"परक्याकडं पाहतेत," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हा परका हाय का? भासऱ्याच्या तोंडाकडं कशी पाहीन ते? पोरी, मोठीकडं पाह्य. तिच्याकडं पाहायले तुले कोणाची बंदी?"

असं ठरलं. कोकिळेनं मान जराशी वळवली आणि मोठ्या बाईंकडं पाहिलं. चिंतामणनं काच चढवली, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन भिंगाच्या झाकणावर हात ठेवला.

नेमका तेव्हाच आतल्या पाळण्यात बबन रडला. सुलभाची मुलगी शैलजा पाळणा हलवत होती, पण तो ऐकेना. त्याच्या आवाजासरशी कोकिळेच्या छातीत दूध चढलं. उठता येत नव्हतं. हलू नको म्हणून सांगितलं होतं. दाटून आलेलं दूध चोळीला लागलं, आणि ती खुर्चीचा काठ धरून बसून राहिली.

सुलभानं चादर सोडली नाही. नुसती मान आतल्या दाराकडं केली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बबन्या… ओ बबन्या… आले रे."

आणि तो गप्प झाला.

कोकिळेनं मोठ्या बाईंकडं पाहिलं.

"एक," चिंतामणनं झाकण उचललं होतं. "दोन. तीन."

*

काच धुऊन वाळली तेव्हा दुपार कलली होती. चिंतामण ती खिडकीशी धरून इतका वेळ उभा राहिला की सुलभाला विचारावं लागलं, बिघडली का.

बिघडली नव्हती, पण उजव्या कडेला तिचा हात आला होता. बबनला हाक मारताना चादर पुढं झुकली असणार, आणि काच चढवली की कॅमेऱ्यातून काय दिसतं ते कुणालाच पाहता येत नाही. मनगट, दोन बांगड्या, चादर धरलेली चार बोटं. "लाल रंग लावून झाकून टाक उद्या," तो म्हणाला. लाल रंगानं झाकलं की छापताना तिथं पांढरं येतं; हात चादरीत मिसळून गेला असता. आधीही दोन-चारदा तिनं आपले हात असे मिटवून टाकले होते. त्यात नवीन काही नव्हतं.

मग तो काच मेजावर ठेवत, बायकोला नव्हे, काचेलाच म्हणाल्यासारखा म्हणाला, "असा चेहरा बापूंनाही कधी गावला नाही."

त्या दिवशी सुलभानं भाजीत दोनदा मीठ घातलं. जेवताना भाजी ताटांतच राहिली. कोकिळा तेवढी दोन घास जास्त जेवली, आणि सुलभानं ते घास मोजले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई उंबऱ्याशी पाय पसरून बबनला तेल लावत होत्या. तिथून खिडकीतलं मेज दिसायचं. थोरली सून काम करताना त्यांना पाहायला आवडे. तिचा हात चांगला होता. पेन्सिल चालते तेव्हा मनगट टेकलेलं असतं, सुई घेतली की मनगट एकदा उचलतं, गालाच्या जागी येतं, टेकतं. हजार वेळा पाहिलं होतं त्यांनी.

आज पेन्सिल चाललीच नाही. सुलभा नुसती बसली होती. मग तिनं सुई घेतली. मनगट उचललं गेलं, आणि टेकलं ते गालापाशी नव्हे. वर.

मनकर्णाबाईंचे तेलकट हात बाळाच्या पोटावर थांबले. ओरडावं असं त्यांना वाटलं नाही. ओरडल्यानं हात हलतो हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"सुलभे," त्या हळू म्हणाल्या, "गाल खाली राह्यला."

सुलभा हलली नाही. सुईही हलली नाही.

"मी बी डोळ्यावरच नेम धरला होता."

आता सुलभानं मागं पाहिलं.

बबनला एका पायावरून दुसऱ्या पायावर घेत मनकर्णाबाईंनी जे सांगितलं, ते त्यांनी याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या सोळा वर्षांच्या होत्या. नीळकंठरावांनी त्यांना खुर्चीत बसवलं, हनुवटीला बोट लावलं आणि भिंतीकडं दाखवून म्हणाले, अशी नाही, तशी. खांदा तसा नाही, असा. रोज सांच्याला ते टोपीवालीपुढं बसून उजेड समजून घेत, आणि मनकर्णाबाई चुलीपाशी बसून त्यांची पाठ पाहत. सवत असती तर भांडता आलं असतं. ही तर मेलेली, कुठल्या देशातली, हिला जेवू घालायचीही सोय नव्हती. नक्कल उतरवलेली काच वाळत ठेवली होती तेव्हा त्यांनी गोधडीची सुई उचलली. डोळे फोडायचे होते, दोन्ही. तेवढ्यात दारात पाऊल वाजलं, हात हलला, आणि सुई गालात गेली.

"मी म्हटलं, आता मारतीन. ते तं छापलेला कागद घेऊन नाचतच आले. म्हणे, मनकर्णे, तू तिले तीट लावली. साऱ्या गावाले सांगत हिंडले, माही बायको किती मोठ्या मनाची." त्यांनी बबनच्या तळपायाला तेल चोळलं. "त्रेचाळीस वरसं लोक माह्या मोठ्या मनाची गोष्ट सांगून राह्यले, अन मी ऐकून राह्यली."

खाली रस्त्यावरून चिखलीची गाडी गेली आणि खिडकीचं तावदान थरथरलं. सुलभानं काचेवर तळहात धरला, ती हलू नये म्हणून.

"त्यांनी तुमचा फोटो काढला नाही का?" तिनं विचारलं.

"काढला ना. हाय पेटीत. पण त्यात मी तिच्यासारखी बसेल हाय. मी बसतो तशी नाई."

"अजून बोचतं?"

"हाव," मनकर्णाबाई म्हणाल्या, जणू गुडघ्याबद्दल विचारलं होतं. "धूळबी मीच पुसतो तिची, अन बोचतेबी." मग बाळाला दुपट्यात गुंडाळून त्या भिंतीला धरून उठल्या. "मी तुले काही सांगत नाई. तुह्या हातात हाय. मले कोणी सांगितलं असतं तं मी ऐकलं नसतं."

आणि त्या बबनला न्हाऊ घालायला न्हाणीकडं निघून गेल्या.

सुलभा एकटी राहिली. काचेवरचा चेहरा उलटा असतो. गोरं ते काळं, काळं ते गोरं. चौदा वर्षांत तिला त्या उलट्या चेहऱ्यांची सवय झाली होती, ते तिला माणसांसारखे वाटत नसत, कामासारखे वाटत. कालपासून तिनं हा चेहरा तसाच पाहिला होता. आता तिनं मेजावरचं काळं फडकं ओढलं, काचेखाली घातलं आणि काच खिडकीकडं तिरपी केली. असं केलं की क्षणभर सुलटं दिसतं.

कोकिळा तिच्याकडं पाहत होती.

कॅमेऱ्याकडं नाही, गिऱ्हाईकाकडं नाही, तिच्याकडं. ओठ मिटलेले, गळ्यात एकदाणी, खुर्चीचा काठ धरलेली बोटं आवळलेली, आणि डोळ्यांत ते. चिंतामणला त्यात काय दिसलं असेल कोण जाणे. रूप दिसलं असेल, लाज दिसली असेल. सुलभानं ते ओळखलं. काल दिवसभर, परवा, गेले आठ दिवस, आरशात नसलं तरी आतून तिनं ते अंगावर वागवलं होतं. ही माझ्याकडं असं कशासाठी पाहते? जिच्या गळ्यात माळ घातली, जिच्यासाठी शेवटची काच चढवली, तिला माझ्याजवळचं काय हवंसं वाटलं?

मग तिला आठवलं, काय चाललं होतं तेव्हा. बबन रडत होता. तो गप्प झाला होता.

तिनं काच फिरवली. उजव्या कडेला तिचा हात होता. कोकिळेचे डोळे त्या हाताच्या किंचित वर कुठंतरी लागले होते, जिथं हात संपून सुलभा सुरू झाली असती.

सुलभाला बरं वाटलं. हे कबूल करायला तिला जड गेलं, पण बरं वाटलं. आपल्याकडंही कुणीतरी अशा डोळ्यांनी पाहतं, एवढ्यानंच. त्या बरं वाटण्याचीही थोडी लाज वाटली. मग तिनं फडकं बाजूला केलं, काच मेजावर बसवली, मनगट टेकलं आणि डाव्या गालावर तीट लावली. लहान, नीट, नेहमीसारखी.

लाल रंगाची वाटी तिनं उघडली होती, ब्रश ओला केला होता. ती आपल्या हाताकडं पाहत राहिली. साधाच हात. बांगडीखाली मनगटाचं हाड वर आलेलं. बोटं चादरीवर घट्ट.

तिनं ब्रश पुसून ठेवला. सुई पुन्हा उचलली, आणि त्या मनगटावर, बांगड्यांच्या खाली, एक टोचा दिला.

*

छापलेला कागद तबकातल्या पाण्यात तरंगत होता तेव्हा चिंतामणनं तिला अंधाऱ्या खोलीत हाक मारली. हात राहून गेला म्हणाला. ती म्हणाली, राहू द्या. लोक विचारतील हा कोणाचा, तो म्हणाला. फोटोत फोटो काढणाऱ्याची माणसं दिसू नयेत, बापूंचा नियम.

"टोपीवालीच्या झग्यामागं लोखंडी पाय दिसतो," सुलभा म्हणाली. "मान हलू नये म्हणून मागं लावायचे त्या घोडीचा. चाळीस वर्षं चालला तो तुम्हाला. माझा हात चालत नाही?"

चिंतामण लाल दिव्याच्या उजेडात कागदावर वाकला. गालावरचा ठिपका त्यानं पाहिला. मग मनगटावरचा. कागदाचं टोक धरून त्यानं तो पाण्यातून उचलला आणि निथळू दिला.

"रोळ आहे कॅमेऱ्यात," तो म्हणाला. "तुझा एक काढू का? बसतेस जरा?"

ते शब्द तिनं किती वर्षं ऐकले होते. "बसवून नको," ती म्हणाली. "काढायचा तेव्हा न सांगता काढा." आणि पडदा सारून बाहेर आली.

*

प्रदर्शनात दोन्ही फोटो शेजारी शेजारी लागले. टोपीवाली तिच्या पोवळ्यांसकट, कोकिळा एकदाणीसकट. दोघींच्या गालांवर तीट. दालनात बायकांची ही गर्दी. कुणी टोपीला हसत होतं, कुणी कानशिलावरच्या सोन्याचं वजन लावत होतं. सुलतानपूरच्या दोघीतिघी टोपीवालीला सोडून कोकिळेपाशीच थांबल्या, आणि हीच ती म्हणून एकीनं ओळखलं. कोकिळेनं डोईवरचा पदर पुढं ओढला. जरा मागं मनकर्णाबाई उभ्या होत्या, शैलजाच्या खांद्यावर भार टाकून. त्यांनी दोन्ही फोटोंकडं पाहिलं, मग पदराच्या टोकानं टोपीवालीच्या चौकटीवरची धूळ पुसली. धूळ फारशी नव्हती.

"अन हा हात कोणाचा वं बाई?" त्या बायकांनी विचारलं.

सुलभा दोन पावलांवर होती. बबन तिच्या खांद्यावर झोपला होता, तोंड तिच्या मानेत खुपसून. तिनं ऐकलं, पण वळून पाहिलं नाही.

"आमच्या मोठ्या बाईचा," कोकिळा म्हणाली. मग म्हणाली, "त्याईच्याकडंच तं पाहून राह्यली मी."

बायका पुढं सरकल्या. कोकिळा वळली, आणि तिचे डोळे सुलभाच्या खांद्यावर आले. काच नाही, कागद नाही, मधे काहीच नाही, तेच डोळे. गळा आज मोकळा होता. एकदाणी पुन्हा लाल फडक्यात गेली होती, आणि ती कुणाची हे अजून कुणी बोललं नव्हतं. सुलभाच्या मनात ते आलं, आणि गेलं नाही.

ती कोकिळेजवळ गेली. बबनचं डोकं हातानं सावरत तिनं त्याला मानेपासून हळूच सोडवलं. तो कुरकुरला.

"घे त्याले," ती म्हणाली. "हात भरून आला माहा."

तिचा हात भरून आला नव्हता.